शिवराईच्या 'व्हरायटी' : फरक मोजायचे की ठसे जुळवायचे?

शिवराईवर मराठीत लिहिणारे गेल्या काही वर्षांत चांगलेच वाढले आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या लिखाणात एक शब्द फार सैल झालाय. तो शब्द म्हणजे 'व्हरायटी'. 'श्री'ची वेलांटी जरा डावीकडे झुकली की एक व्हरायटी, 'शिव'च्या जागी 'सिव' आलं की दुसरी, 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये एक टिंब जास्त दिसलं की तिसरी. संग्राहकांच्या वह्यांत, प्रदर्शनातल्या चिठ्ठ्यांवर, लिलावाच्या याद्यांत हे सगळं क्रमांक घालून मांडलेलं असतं आणि बहुतेक क्रमांकांपुढे 'दुर्मिळ' असं लिहिलेलं असतं. निपाणीच्या बाजारात मोडीच्या भांड्यांबरोबर जुनं नाणं विकणारा माणूससुद्धा आता म्हणतो, "काका, ही वेगळी हाय, असली दुसरी बघाय मिळायची नाही."

तो खोटं बोलत नाही. तशी दुसरी खरंच बघायला मिळत नाही. पण त्याचा अर्थ काय, हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि या लेखात मला तेवढाच प्रश्न विचारायचा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : नाण्यांच्या ठशांतले फरक शोधण्याची रीत आपण यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवरून उचलली आणि हातोड्याने पाडलेल्या शिवराईला जशीच्या तशी लावली. तिथे ती चालत नाही. इतकंच नव्हे, तर तिच्यामुळे खरं काम राहून जातं.

आधी यंत्राचं नाणं कसं तयार होतं ते बघू. एक मूळ ठसा कोरला जातो. त्याच्यावरून दाबून कामाचे ठसे काढले जातात, शेकड्यांनी. सगळे एकाच आईची लेकरं, त्यामुळे सगळे सारखे असायला हवेत. म्हणून तिथे फरक दिसला की तो काहीतरी सांगतो. १८३५ च्या विल्यम राजाच्या रुपयावर मानेच्या कापावर बारीक 'एफ' असतो, तो कलकत्ता टाकसाळीच्या फोर्ब्सचा. काही नाण्यांवर तो उठावाचा आहे, काहींवर आत दबलेला, काहींवर मान कोरीच. हा फरक आपोआप पडत नाही. कुणीतरी ठशावर मुद्दाम काहीतरी केलं म्हणून तो पडतो, आणि म्हणून तो नोंदवण्यासारखा आहे.

कॅनडाचा १८५९ चा मोठा तांब्याचा... म्हणजे खरं तर काशाचा सेंट हे याचं जगभर गाजलेलं उदाहरण. ही नाणी लंडनच्या टाकसाळीत पाडली. ठशावर राणीचा चेहरा, पानांची वेल हे सगळं मूळ ठशावरून येई, पण सालाचे आकडे ठशावर हाताने ठोकायची रीत होती. १८५८ चे काही ठसे उरले, तेव्हा त्यांच्यावरच्या आठावर नऊ ठोकून ते १८५९ ला वापरले. भिंगातून बघितलं तर नऊच्या पोटात आठ दिसतो. काही ठशांवर अरुंद नऊ एकदा ठोकला, मग पुन्हा जरा सरकून ठोकला. तिथले हौशी लोक यावर आयुष्य घालवतात, आणि त्यांचं चूक नाही. बाकी सगळं एकसारखं असल्यामुळे त्या नऊची जागा हीच ठशाची ओळख होते.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं नाणं म्हणजे १८६२ चा राणीछाप रुपया. बेळगाव भागात जुन्या घरांत हे रुपये अजून निघतात, दागिन्याला कडी लावून घातलेले सुद्धा. रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि साल बघाल तर बहुतेकांवर १८६२ च. एका वर्षात एवढे रुपये पडले का? नाही. १८६२ हे साल गोठवलं गेलं आणि नाण्यावर खरं साल पुन्हा आलं ते १८७४ मध्ये. मधल्या वर्षांत मुंबई टाकसाळीने सालाच्या खाली बारीक टिंबं घातली आणि ती पुढे वाढत गेली. वर्ष ओळखायची ही खूण असावी असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. राणीच्या पोषाखावरच्या नक्षीतही फरक आहेत. प्रिडमोर यांनी १९८० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात १८३५ ते १९४७ च्या नाण्यांची जी मांडणी केली, ती अशाच फरकांवर उभी आहे, आणि मजबूत उभी आहे. राणीच्या रुपयाची टिंबं मोजणारा माणूस वेळ फुकट घालवत नाही, तो वर्ष शोधत असतो.

जाता जाता, १९११ चा 'डुकराचा रुपया' या हिशोबात धरू नये. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, नाणी परत घेतली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट कोरली. तो हुकुमाने केलेला नमुन्यातला बदल. आमच्या भागात प्रत्येक घरात एकाची तरी आजी सांगते की आमच्याकडे डुकराचा रुपया होता, आणि तो दाखवायला काढला की १९१४ चा निघतो, हा भाग वेगळा.

आता शिवराईकडे या.

शिवराईला मूळ ठसा नाही. सोनार किंवा तांबट लोखंडावर अक्षरं उलटी कोरतो, हाताने, नजरेच्या अंदाजाने. एक ठसा ऐरणीत खाली बसवलेला, दुसरा हातात धरलेला. मध्ये तापवलेली तांब्याची चकती, आणि वर हातोड्याचा घाव. ठसा झिजला किंवा फुटला की नवा कोरायचा. तो आधीच्या ठशासारखा असेल, पण तोच नसेल. म्हणजे शिवराईचा प्रत्येक ठसा दुसऱ्यापेक्षा वेगळा असणारच. दोन सोनारांचा वेगळा, एकाच सोनाराचा सकाळचा आणि संध्याकाळचाही वेगळा. यंत्राच्या नाण्यात फरक हा अपवाद असतो. इथे फरक हाच नियम आहे. मग 'ही वेगळी आहे' या वाक्यात बातमी कसली?

त्यात आणखी एक गोष्ट. ठसा मोठा असतो आणि चकती लहान, वाकडीतिकडी. त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर एका नाण्यावर कधीच येत नाही. एका बाजूला 'श्री / राजा / शिव' तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति' दोन ओळींत आणि भोवती टिंबांचं कडं, असं आपण वर्णन करतो. पण हे सगळं एकाच नाण्यावर पूर्ण दिसलं तर ते नशीबच. एका नाण्यावर 'श्री' कापलेला, दुसऱ्यावर 'शिव' अर्धा. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी शेजारी ठेवली तर ती दोन वेगळी नाणी वाटतात. आणि याद्यांमध्ये ती दोन व्हरायटी म्हणून जातात.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही, कारण ही चूक माझ्या वहीत आहे. मला निपाणीत एक शिवराई मिळाली, तिच्यावर 'राजा'च्या जागी 'रजा' होतं. पहिला काना नाहीच. मी खूश. वहीत 'रजा शिव' म्हणून स्वतंत्र क्रमांक दिला, चार लोकांना दाखवली. पुढे बऱ्याच दिवसांनी बेळगावात शहापूरला एक साधी 'श्री राजा शिव' घेतली. एकदा दोन्हींचे फोटो शेजारी मोठे करून बघत होतो, तेव्हा दिसलं की दोन्हींवर 'ज'च्या पायापासून काठापर्यंत एक बारीक उठावाची रेघ आहे. उठावाची रेघ म्हणजे नाण्यावरचा ओरखडा नव्हे. ओरखडा आत जातो. ठशाला भेग पडली की तांबं त्या भेगेत शिरतं आणि नाण्यावर रेघ उठून दिसते. मग अक्षरांची अंतरं मोजली. 'श्री'च्या वेलांटीचं टोक, 'ज'चा पाय आणि कडं यातल्या एका जाड टिंबाची जागा, या तीन बिंदूंचा त्रिकोण दोन्हीकडे तंतोतंत तोच. ठसा एकच. 'रजा'वाल्या नाण्यावर भेग जास्त लांब होती, म्हणजे ते नंतर पाडलेलं. मधल्या काळात ठशातल्या काण्याच्या खाचेत मळ किंवा तांब्याचा कण बसला आणि काना उठायचा बंद झाला. लेखनातला फरक नाही, लिपीतला नाही, काळातला नाही. खाच बुजली, एवढंच.

माझी व्हरायटी गेली. पण त्या बदल्यात जे हाती आलं ते मला जास्त मोलाचं वाटतं : दोन नाणी एकाच टाकसाळीतली, एकाच ठशाची, आणि कुठलं आधी व कुठलं नंतर हेही कळलं. तारीख नसलेल्या नाण्याबद्दल एवढं कळणं काही थोडं नाही.

शिवराईवर तारीख नाही. टाकसाळीचं नाव नाही. सहा जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास हा लेख नाण्यावर आला, आणि पुढे महाराज गेल्यानंतरही तोच लेख चालू राहिला. साताऱ्याच्या गादीच्या काळात, कोल्हापूरच्या गादीच्या काळात, पेशवाईत, आणि कंपनीचा अंमल आल्यावरही 'श्री राजा शिव छत्रपति' तसंच. १८६२ चं साल गोठवावं तसं हे नावच गोठलेलं आहे, फक्त बारा वर्षं नव्हे तर दीडशे वर्षं. आणि मुंबई टाकसाळीसारखी टिंबं मोजायची सोय इथे नाही. चांदीच्या रुपयाचं थोडं बरं. त्यावर निदान फारसीत टाकसाळीचं नाव असायची रीत होती. आजमनगर म्हणजे आपलं बेळगाव, आणि 'आजमनगर गोकाक' अशी नोंद असलेले मोगल बादशहाच्या नावाचे रुपये तज्ज्ञांच्या याद्यांत आहेत. माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टाकसाळींवरचा १९८९ चा ग्रंथ टाकसाळवार रचता आला, तो अशा नावांमुळे आणि खुणांमुळे. तांब्याच्या शिवराईला हा आधार नाही.

मग लोकांनी दुसरे आधार धरले. त्यातला सगळ्यात लोकप्रिय म्हणजे शुद्धलेखन. लेख शुद्ध, अक्षर सुबक, टिंबांचं कडं पूर्ण, वजन भरीव, तर ती महाराजांच्या काळातली. 'सिव', 'शीव', 'छत्र पती', अक्षर उलटं, वजन कमी, तर ती नंतरची. ऐकायला बरोबर वाटतं आणि यात थोडं तथ्य असेलही, वजनाच्या बाबतीत तर नक्कीच विचार करण्यासारखं आहे. पण शुद्धलेखनावरून काळ ठरवणं म्हणजे कोरणारा माणूस रायगडावर शिकलेला होता आणि नंतरचे सगळे अडाणी, असं मानणं. उलटं कोरताना अक्षर चुकणं कुठल्याही काळात होतं. आणि चांगला कारागीर पेशवाईत जन्मलाच नाही का? शिवाय वजन मोजताना झीज धरायला हवी, काठ कातरलेला आहे का बघायला हवं. हे न करता 'साडेनऊ ग्रॅम, म्हणून नंतरची' असा निकाल लावलेला मी बऱ्याच ठिकाणी वाचला आहे. दुदांडी शिवराईचं ठीक. ओळींच्या मध्ये आडव्या दोन दांड्या हा नमुन्यातलाच फरक आहे, ती वेगळी काढलीच पाहिजे. पण 'सि' आणि 'शि'वर शतक ठरवू नये.

आपल्या भागात तर याचं आणखी एक कारण आहे. पेशवाईत टाकसाळीचा परवाना ठरलेली रक्कम भरून खासगी माणसांना मिळत असे. कृष्णेच्या दक्षिणेला अशा खासगी टाकसाळी इतक्या झाल्या आणि खोट्या नाण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की थोरल्या माधवरावांच्या काळात त्या बंद करून धारवाडला सरकारी टाकसाळ घालावी लागली. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव हा सगळा मुलूख कृष्णेच्या दक्षिणेचाच. म्हणजे एकाच वेळी, शेजारशेजारच्या गावांत, वेगवेगळ्या हातांनी कोरलेले ठसे चालू असणार. सुबक आणि बेढब एकाच वर्षातले असू शकतात. इथे फरकांची यादी करून काळाची शिडी बांधायला जाल तर शिडीच्या पायऱ्या शेजारच्या गावात पडतील.

म्हणून मी म्हणतो की शिवराईत फरक शोधू नका, साम्य शोधा. दोन नाणी एकाच ठशातली निघणं ही बातमी आहे.

ते का, हे नीट सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. प्रत्येक नाण्याला दोन ठसे असतात, एका बाजूचा आणि दुसऱ्या बाजूचा. दोन्ही एकाच वेळी झिजत नाहीत. ज्याच्यावर थेट हातोडा पडतो तो वरचा ठसा लवकर जातो आणि ऐरणीतला खालचा जास्त टिकतो. त्यामुळे खालचा तोच ठेवून वरचा बदलायची वेळ येते. समजा एका नाण्यावर 'श्री राजा शिव'चा ठसा 'क' आणि 'छत्रपति'चा ठसा 'ग' आहे. दुसऱ्यावर 'क' तोच, पण मागे 'घ'. तिसऱ्यावर मागे 'घ' आणि पुढे नवा ठसा 'ख'. पहिल्या आणि तिसऱ्या नाण्यात एकही ठसा समान नाही, तरी मधल्या नाण्यामुळे कळतं की चारही ठसे एकाच जागी, एका पाठोपाठ वापरात होते. अशी साखळी वाढत जाते. ठशांच्या भेगा वाढत गेलेल्या दिसल्या तर साखळीला दिशाही मिळते, आधी कुठलं आणि नंतर कुठलं. युरोपात ग्रीक आणि रोमन नाण्यांच्या टाकसाळी अशाच जोडून काढल्या आहेत. त्यांच्याही नाण्यांवर कित्येकदा तारीख नसते.

आणि या साखळीतल्या एका जरी नाण्याचं सापडण्याचं ठिकाण पक्कं माहीत असेल, तर सगळ्या साखळीला गावाचा वास येतो. वास म्हणतो, पुरावा म्हणत नाही. नाणी फिरतात. पण पाच-सहा नाण्यांची ठिकाणं एका टापूत पडली तर मग बोलता येतं.

दुर्मिळतेबद्दलही इथेच बोलून टाकतो. समजा तुमच्याकडे ४० शिवराया आहेत. नीट जुळवल्यावर दिसलं की ३६ नाण्यांचा पुढचा ठसा फक्त त्या एकेकावरच आहे, आणि उरलेली ४ नाणी दोन ठशांची, प्रत्येकाची दोन दोन. तर मग पुढचं, एक्केचाळिसावं नाणं ओळखीच्या ठशातलं निघण्याची शक्यता किती? हिशोब सोपा आहे. एकट्या नाण्यांचा एकूण नाण्यांशी वाटा काढायचा, ३६ भागिले ४०, म्हणजे दहात नऊ. हा वाटा अनोळखी ठशाचा. ओळखीच्या ठशाची शक्यता दहात एक. म्हणजे आपण ३८ ठसे बघितले म्हणून खूप बघितलं असं वाटतं, पण न बघितलेले त्याहून कितीतरी जास्त आहेत. अशा वेळी 'या ठशाचं एकच नाणं ज्ञात' या वाक्याला काही किंमत नाही, जवळजवळ प्रत्येक नाण्याबद्दल ते खरं आहे. लिलावात मात्र त्याला किंमत येते, आणि तीच माझी तक्रार आहे. ज्या पोराने पहिल्या पगारातून 'एकमेव ज्ञात' शिवराई घेतली, त्याला कुणीतरी हा भागाकार दाखवायला हवा होता.

साम्य शोधायचा आणखी एक फायदा आहे, तो बनावट नाण्यांचा. ओतीव नक्कल करणारा खऱ्या नाण्याचा साचा घेतो. साच्यात ठशाबरोबर त्या एका नाण्याचं सगळंच येतं. चकतीची ठेवण, लेख किती सरकलाय ते, काठावरची चीर, एका कोपऱ्याची झीज. दोन खरी नाणी एका ठशातली असली तरी चकत्या वेगळ्या असतात, घाव वेगळा बसतो. म्हणून दोन नाणी ठशातही जुळली, सरकण्यातही जुळली आणि काठावरच्या चिरेतही जुळली तर त्यातलं एक तरी ओतलेलं आहे, कदाचित दोन्ही. होनाच्या बाबतीत, जिथे पैसा मोठा आहे, तिथे हे तर आधी बघायला हवं. फरक मोजणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. तो जुळणाऱ्या नाण्याला 'डुप्लिकेट' म्हणून विकून टाकतो.

इथे आपल्या नोंदींबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. या मंडळाच्या बैठकांत आणि बाहेरही जी छायाचित्रं फिरतात त्यातली बरीच एकाच बाजूची असतात. ज्या बाजूला 'श्री राजा शिव' आहे तीच, कारण ती बघायला छान. साखळीला दोन्ही बाजू लागतात. वजन लिहिलेलं नसतं, किंवा 'अंदाजे १० ग्रॅम' असतं. दोन बाजूंचा एकमेकांशी कोन नोंदवलेला नसतो. मान्य आहे की हातोड्याच्या नाण्यात तो कसाही पडतो, पण एखाद्या टाकसाळीत तो ठराविक पडत होता का हे नोंदवल्याशिवाय कळणार कसं? फोटो तिरका काढलेला, शेजारी पट्टी नाही, वरून मोबाईलने अक्षरं उजळवलेली. आणि नाणी घासलेली! चिंचेने, लिंबाने, कशाने कशाने. भेगेची ती बारीक उठावाची रेघ, जिच्यावर सगळी साखळी उभी राहते, ती पहिल्या घासण्यातच जाते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट राहून जाते ती ठिकाणाची. नाणं कुठे निघालं ते. बाजारात 'कुठनं आलं' म्हणून विचारलं तर 'इकडनंच' एवढं उत्तर येतं, आणि आपणही जोर धरत नाही. माझ्या त्या 'रजा'च्या नाण्याचं सांगायचं राहिलं. ते मला वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून मिळालं होतं, आणखी चार फुटकळ नाण्यांबरोबर. पुडीवर बॉलपेनने एका गावाचं नाव लिहिलेलं होतं, ज्याने आणून विकलं त्याचं असावं. मी नाणं घेतलं, पुडी तिथेच टाकली. गावाचं नाव मला आज आठवत नाही. शेवट 'वाडी' होता एवढंच. निपाणी भागात वाड्या किती, ते तुम्हालाच माहीत.

आणि जे सरकारजमा होतं त्याचं काय? १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं असतं. पुढे ती नाणी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे जातात. कोगनोळीच्या अलीकडे सापडलं तर कर्नाटकाकडे, म्हणजे मैसूरच्या बाजूला. पलीकडे कागल तालुक्यात सापडलं तर महाराष्ट्राकडे, मुंबईच्या बाजूला. ही हद्द १ नोव्हेंबर १९५६ ची. शिवराई पाडणाऱ्याला तिचा पत्ता नव्हता. एका सोनाराने एका ऐरणीवर पाडलेली दोन नाणी, एक कागलच्या बाजाराला गेलं आणि एक निपाणीच्या, आज दोन राज्यांच्या दोन कपाटांत असू शकतात. ती कुणी एका टेबलावर शेजारी ठेवून बघितलेली नसणार. एक कन्नड यादीत, एक मराठी यादीत, आणि दोन्हीकडे नोंद एवढीच : 'तांब्याची नाणी, मराठा, अमुक नग'. सीमाभागावर आपण इतकं बोलतो, पण या दोन कपाटांची गाठ घालून द्यायचा अर्ज आपल्यापैकी कुणी केलाय का? मीही नाही.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून एक पद्धत चालू आहे. शेतात सापडलेलं साधं नाणं सापडणाऱ्याकडेच राहतं, पण त्याची मापं, फोटो आणि ठिकाण सरकारी यादीत जातं. नाणं पुढे कुणाच्या खिशात गेलं तरी माहिती जागेवर राहते. आपल्याकडे कायदा वेगळा आहे, त्यामुळे जमिनीतून निघालेल्या नाण्याला ती पद्धत तशीच लावता येणार नाही. पण जी नाणी आधीच घरात, देव्हाऱ्यात, आजीच्या डब्यात आहेत, त्यांची यादी करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

त्यासाठी फार काही लागत नाही. दोन्ही बाजूंचा सरळ वरून काढलेला फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी, सोनाराच्या काट्यावर दशांशापर्यंत वजन, आणि नाणं कुणाच्या घरात किती पिढ्या आहे किंवा कुठल्या बाजारात घेतलं ते. बाजारात घेतलं असेल तर तसंच लिहायचं, 'निपाणी येथे घेतले', 'निपाणी येथे सापडले' नव्हे. हे दोन वेगळे आहेत आणि जुन्या नोंदींत ते सर्रास एक झालेत. व्हरायटीचा रकाना रिकामा ठेवायचा. त्याच्या जागी दोन रकाने घालायचे, पुढचा ठसा आणि मागचा ठसा, आणि जुळणी सापडेपर्यंत ते भरायचे नाहीत.

माझ्या वहीतला 'रजा शिव'चा क्रमांक मी खोडलेला नाही. त्याच्या पुढे दुसऱ्या नाण्याचा क्रमांक लिहिलाय आणि मध्ये एक रेघ ओढली आहे. गावाच्या रकान्यात 'वाडी' लिहून पुढे जागा सोडली आहे. ती पुडी कुणी विकली होती हे त्या बाजारात कुणाला आठवत असेल तर मला कळवावं.